घरखर्चाचे अंदाजपत्रक बारा महिन्यांचे असावे

दरवर्षी एक फेब्रुवारीला केंद्र सरकारचा आणि पाठोपाठ राज्य सरकारचा अर्थसंकल्प सादर होतो. काय स्वस्त झाले, काय महागले, प्राप्तिकरात सवलत मिळाली की नाही, याची चर्चा घरोघरी रंगते. वित्तीय तूट किती टक्क्यांवर गेली, हेही नियमित वृत्तपत्र वाचणाऱ्याला ठाऊक असते. मात्र त्याच घराची स्वतःची वार्षिक तूट किती, असे विचारले तर उत्तर देणारी माणसे थोडीच निघतील. पगार किती आणि महिन्याचा खर्च साधारण किती, हे बहुतेकांना सांगता येते. वर्षाकाठी घरात नेमके किती आले आणि किती गेले, हे सांगणे मात्र अवघड जाते.

मध्यमवर्गीय घराचे गणित बिघडते ते बहुतांशी याच ठिकाणी. पैसे पुरेनासे झाले की दोष हॉटेलातल्या जेवणाला, मुलांच्या हट्टाला किंवा ऑनलाइन खरेदीला दिला जातो. त्यात काही तथ्य असतेच. परंतु मोठे खिंडार पडते ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. जूनमधील शाळेची फी, विम्याचा वार्षिक हप्ता, गणपती, दिवाळी, लग्नसराईतले आहेर यांपैकी एकही खर्च अनपेक्षित नसतो. तो येणार हे घरातील प्रत्येकाला माहीत असते. केवळ त्याची तरतूद कोणत्याच महिन्यात केलेली नसते. त्यामुळे घरगुती अंदाजपत्रक मांडताना महिन्याऐवजी वर्ष हे एकक धरावे लागते.

जमाखर्च आणि अंदाजपत्रक

या दोन गोष्टींत नेहमी गल्लत होते. जमाखर्च हा झालेल्या व्यवहारांचा हिशेब असतो. अंदाजपत्रक ही व्हायच्या व्यवहारांची मांडणी असते. व्यापाऱ्यांच्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार क्रमाने लिहिले जात आणि खतावणीत तेच व्यवहार खातेवार उतरवले जात. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करण्याची प्रथा आजही अनेक दुकानांत पाळली जाते. घरांमध्येही जमाखर्चाची वही ठेवणाऱ्या गृहिणी होत्या आणि आहेत. परंतु ही वही बहुधा रोजकीर्दीपाशीच थांबते. दूध, भाजी, रिक्षा, औषध असे ओळीने लिहिले जाते, महिनाअखेर बेरीज होते आणि पुढच्या महिन्यासाठी नवे पान उघडले जाते. कोणत्या खात्यावर किती खर्च झाला आणि किती व्हायला हवा होता, हे त्यातून दिसत नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणणारी पद्धत जपानमध्ये ‘काकेइबो’ या नावाने ओळखली जाते. पत्रकार मोतोको हानी यांनी १९०४ मध्ये ही घरगुती हिशेबवही लोकांसमोर आणली. महिन्याच्या आरंभी उत्पन्न लिहायचे, बचतीची रक्कम ठरवायची, उरलेल्या पैशांची खातेवार वाटणी करायची आणि महिनाअखेर ठरवलेले व घडलेले यांची तुलना करायची, असे तिचे स्वरूप आहे. यात उच्च गणित काहीच नाही. खर्च करण्यापूर्वी लिहिणे आणि खर्च झाल्यावर पुन्हा पाहणे, एवढेच तिचे मर्म.

पहिले काम : तीन महिन्यांची नोंद

अंदाजपत्रक पहिल्याच दिवशी तयार करण्याचा मोह टाळावा. खर्चाची खरी कल्पना नसताना घातलेले आकडे हे आकडे नसून इच्छा असतात आणि दुसऱ्याच महिन्यात ते कोलमडतात. आधी तीन महिने काहीही न बदलता केवळ नोंद ठेवावी.

पूर्वी पाकिटातील नोटा कमी होताना डोळ्यांना दिसत. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यानंतर दहा-वीस रुपयांचा चहा, वडापावही मोबाइलवरून दिला जाऊ लागला. या सोयीमुळे पैसे जाताना जाणवेनासे झाले. पण तिचा एक लाभही आहे. प्रत्येक व्यवहाराची नोंद बँकेच्या विवरणपत्रात आपोआप राहते. महिन्याचे विवरणपत्र समोर घेऊन प्रत्येक ओळीपुढे किराणा, प्रवास, औषध, करमणूक असा शेरा लिहिला की निम्मे काम होते. रोखीने झालेला खर्च तेवढा वहीत टिपावा लागतो. घरात दोन-तीन व्यक्ती खर्च करत असतील तर सर्वांच्या नोंदी एकत्र केल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

उत्पन्नाच्या बाजूला हातात पडणारी रक्कम लिहावी. भविष्यनिर्वाह निधी, व्यवसायकर, प्राप्तिकर यांची कपात झाल्यानंतर बँकेत जमा होते तेच घराचे उत्पन्न. दिवाळीचा बोनस, ओव्हरटाइम, अधूनमधून मिळणारे मानधन या जमा निश्चित नसल्याने नियमित खर्च त्यांच्या भरवशावर ठेवू नयेत.

एका घराचा हिशेब

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. शहरात राहणारे चौघांचे कुटुंब आहे. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, मुले शाळेत आहेत. दोघांचा मिळून हाती येणारा पगार ५२,००० रुपये आहे.

दरमहा ठरलेला खर्च असा : घरकर्जाचा हप्ता १५,६००, सोसायटीचे देखभाल शुल्क १,५००, वीज १,४००, गॅस ८००, मोबाइल व इंटरनेट १,३००, मुलांची रिक्षा व शिकवणी ३,२००, घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार १,५००. एकूण २५,३०० रुपये.

दरमहा कमी-जास्त होणारा खर्च असा : वाणसामान ६,५००, दूध २,७००, भाजी व फळे ३,५००, पेट्रोल व अन्य प्रवास २,५००, औषधे १,०००, बाहेरचे खाणे व करमणूक २,०००, किरकोळ १,५००. एकूण १९,७०० रुपये.

दोन्ही मिळून ४५,००० रुपये होतात. म्हणजे ७,००० रुपये शिल्लक राहायला हवेत. बहुतेक घरांचा हिशेब इथेच संपतो आणि आपण दरमहा सात हजार वाचवू शकतो, असा समज होतो. त्या भरवशावर एखादी मोठी वस्तू हप्त्याने घेतली जाते.

आता वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे खर्च पाहू. दोन मुलांची शाळेची फी ३६,०००, वह्या-पुस्तके, गणवेश, दप्तरे व रेनकोट ९,०००, आरोग्य विमा २०,०००, मुदत विमा १०,०००, दुचाकीचा विमा व दुरुस्ती ५,०००, मालमत्ता कर ४,०००, गणपती ६,०००, दिवाळीचा फराळ, कपडे व भेटी १५,०००, लग्नकार्ये व आहेर ८,०००, सुट्टीतील प्रवास १२,०००, घरातील दुरुस्ती ७,०००. ही बेरीज १,३२,००० रुपये भरते. तिला बाराने भागले की दरमहा ११,००० रुपये येतात.

कागदावर सात हजारांची शिल्लक दाखवणारे हे घर प्रत्यक्षात दरमहा चार हजारांनी तुटीत आहे. वर्षाची तूट ४८,००० रुपये. घरात व्यसन नाही, उधळपट्टी नाही, तरीही दरवर्षी कुठली तरी ठेव मोडावी लागते किंवा कर्ज काढावे लागते. पैसा जातो कुठे, यावरून पती-पत्नींमध्ये वाद होतात. दोघेही प्रामाणिक असतात. हिशेबात अकरा हजारांची एक ओळच गाळलेली असते.

वार्षिक खर्चाचे वेळापत्रक

ही ओळ शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे कालनिर्णयसारखी भिंतीवरची दिनदर्शिका समोर घेऊन प्रत्येक महिन्याचा ठरलेला खर्च लिहून काढणे. महाराष्ट्रातील घरांत जून महिना शाळेचा असतो. श्रावणापासून सणांची रांग लागते. गणपती, नवरात्र, दसरा आणि दिवाळी यांचे खर्च तीन महिन्यांत एकामागून एक येतात. मार्चअखेर कर आणि विम्याच्या भरण्याची घाई असते. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, गावी जाणे आणि वर्षाचे गहू, तांदूळ, मसाला, लोणचे, पापड यांची बेगमी.

काही खर्च वर्षाच्याही चौकटीत बसत नाहीत. साधारण तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या अधिक महिन्यात लेक-जावयाला वाण देण्याची प्रथा अनेक घरांत आहे. २०२३ नंतरचा अधिक महिना २०२६ मध्ये, हे पंचांगात आधीपासूनच छापलेले असते. फ्रीज, वॉशिंग मशिन, गाद्या, घराचा रंग हेही पाच-दहा वर्षांनी येणारे खर्च आहेत. त्यांच्या अंदाजे किमतीला उरलेल्या महिन्यांनी भागून येणारी रक्कम वार्षिक खात्यात मिळवावी. ती अल्प असली तरी तिचा उपयोग मोठा होतो.

तूट भरून काढताना

सरकारपुढे तूट आली की खर्च कमी करणे, उत्पन्न वाढवणे किंवा कर्ज काढणे हे मार्ग असतात. घरालाही हेच मार्ग आहेत. फरक इतकाच, की घराला नोटा छापता येत नाहीत आणि तिसरा मार्ग फार लवकर बंद होतो.

वरील उदाहरणातील कुटुंबाने बाहेरच्या खाण्यात ८००, किरकोळ खर्चात ५००, वाणसामानात ५००, पेट्रोलमध्ये ५०० आणि मोबाइल-इंटरनेटमध्ये ३०० रुपयांची कपात केली, तर दरमहा २,६०० रुपये वाचतात. वार्षिक खर्चांपैकी प्रवासात ४,०००, दिवाळीत ३,००० आणि शालेय साहित्यात १,४०० रुपये कमी केले तर महिन्याला आणखी ७०० रुपये हाती येतात. एकूण कपात झाली ३,३०० रुपयांची. म्हणजे जवळजवळ प्रत्येक हौसेला कात्री लावूनही ७०० रुपयांची तूट शिल्लक राहतेच. पोट मारून केलेली काटकसर कुठे संपते, हेही अंदाजपत्रकच दाखवून देते.

अशा वेळी लहान खर्चांवरून नजर काढून सर्वांत मोठ्या खर्चाकडे पाहावे. या घरात तो घरकर्जाचा आहे. अठरा लाख रुपये बाकी आणि वीस वर्षे मुदत असलेल्या कर्जावर साडेआठ टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता सुमारे १५,६०० रुपये येतो. व्याज साडेसात टक्के झाले तर तो सुमारे १४,५०० रुपये होतो. बदलत्या व्याजदराच्या कर्जांचा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराबरोबर हलतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांपर्यंत चढला; २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने सव्वा टक्क्याने उतरला. दर चढताना अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून कर्जाची मुदत वाढवली होती. दर उतरल्यावर आपल्या खात्यात काय बदल झाला, हे कर्जदाराने बँकेत जाऊन विचारून घ्यावे. एका अर्जाने महिन्याला अकराशे रुपये वाचत असतील, तर भाजीवाल्याशी घासाघीस करून वाचणाऱ्या पैशांपेक्षा ते कितीतरी अधिक आहेत.

उदाहरणातील घराची तूट अशा रीतीने भरून निघते आणि ४०० रुपये उरतात. शिल्लक नगण्य वाटेल. परंतु वर्षाला ४८,००० रुपयांच्या खड्ड्यात जाणारे घर जमिनीवर आले, हा त्याचा खरा अर्थ.

टक्केवारीचे नियम कितपत लागू पडतात?

गरजांसाठी ५० टक्के, आवडीनिवडींसाठी ३० टक्के आणि बचत व कर्जफेडीसाठी २० टक्के हा नियम अलीकडे बराच सांगितला जातो. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या कन्या अमेलिया वॉरन त्यागी यांच्या २००५ च्या पुस्तकामुळे तो अमेरिकेत लोकप्रिय झाला. दिशा दाखवण्यापुरता तो उपयुक्त आहे. परंतु वरील कुटुंबात घरकर्जाचा हप्ता आणि स्वयंपाकघराचा खर्च मिळूनच २८,३०० रुपये होतात आणि ५२,००० रुपयांचा निम्मा भाग तिथेच ओलांडला जातो. नियम पाळता आला नाही म्हणून अंदाजपत्रकच सोडून देणे योग्य नव्हे.

उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा हिस्सा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांच्या उपभोग खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबांच्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के भाग अन्नावर जात होता. उदाहरणातील घराचा, कर्जाचा हप्ता वगळता, मूळचा मासिक खर्च वार्षिक तरतुदीसह ४०,४०० रुपये होता आणि त्यात बाहेरच्या खाण्यासह अन्नाचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. सरासरीशी अशी ढोबळ तुलना करता येते. अखेरीस प्रत्येक घराने आपली टक्केवारी आपल्याच तीन महिन्यांच्या नोंदीवरून ठरवावी. भाजीपाल्यासारख्या खात्यात थोडी सैल तरतूद असावी. जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता, तेव्हा घट्ट आखलेली अंदाजपत्रके पहिल्याच आठवड्यात मोडली असतील.

पैसे वेगळे ठेवण्याची जुनी रीत

तांदळाच्या डब्यात, कपाटातील साडीच्या घडीत किंवा देवघरातल्या डबीत पैसे वेगवेगळे ठेवण्याची सवय जुन्या पिढीतील स्त्रियांना होती. दुधाचे पैसे, फीचे पैसे, सणाचे पैसे अशी त्यांची मनातल्या मनात विभागणी असे. माणूस पैशांची अशी मानसिक खाती बाळगतो आणि एका खात्यातील पैसे दुसरीकडे वळवताना सहसा कचरतो, यावर अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी विस्ताराने लेखन केले. वर्तनवादी अर्थशास्त्रातील योगदानाबद्दल त्यांना २०१७ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. स्वयंपाकघरातील डब्यांमागे तेच तत्त्व होते.

आज डब्याची जागा दुसऱ्या बचत खात्याने घ्यावी. पगाराचे खाते दैनंदिन खर्चासाठी ठेवावे आणि वार्षिक खर्चाची मासिक रक्कम पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल, अशी सूचना बँकेला द्यावी. त्या खात्याचे डेबिट कार्ड घेऊ नये आणि ते यूपीआयलाही जोडू नये. बँकेतील आवर्ती ठेव हाही चांगला पर्याय आहे. तिची मुदत खर्चाच्या महिन्याशी जुळेल अशी निवडावी. जूनची फी भरायची असेल तर ठेव मेमध्ये परिपक्व व्हावी.

भिशीची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे आणि तिने बचतीची शिस्त लागते, हे खरे. मात्र ओळखीच्या विश्वासावर चालणाऱ्या भिशीत पैसे बुडाले तर दाद मिळवणे कठीण जाते. बँकांतील ठेवींना, सहकारी बँकांतील ठेवींसह, फेब्रुवारी २०२० पासून प्रति ठेवीदार प्रति बँक पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण लागू नाही. शाळेच्या फीसारखे न टळणारे पैसे कुठे ठेवायचे, याचा निर्णय हा फरक ध्यानात घेऊन करावा.

कर्जाची ओळ आणि अडीनडीचा पैसा

तूट क्रेडिट कार्डावर टाकली तर काय होते, तेही आकड्यांत पाहावे. कार्डाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली नाही तर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज सर्रास आकारले जाते. ४८,००० रुपये थकबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांनी १,६८० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे सुमारे ३०० रुपये होतात. त्या महिन्यात २,४०० रुपये भरले तरी मूळ कर्जातून जेमतेम ४२० रुपये वजा होतात. म्हणून कार्डाची थकबाकी असलेल्या घराने नवी गुंतवणूक सुरू करण्याआधी ती फेडावी. इतका परतावा खात्रीने देणारी कोणतीही ठेव उपलब्ध नाही.

अडीनडीसाठी तीन ते सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम राखून ठेवावी, असे अर्थसल्लागार सांगतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा या सल्ल्याचे मोल अनेकांना कळले. कर्जाचे हप्ते मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात लांबणीवर टाकण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती. परंतु हप्ता थांबला तरी व्याज थांबले नव्हते. दरमहा चारशे रुपये वाचवणाऱ्या घराला सहा महिन्यांचा निधी हे स्वप्नच वाटेल. अशा घराने पहिले उद्दिष्ट लहान ठेवावे : एका महिन्याचा घरकर्जाचा हप्ता आणि एका महिन्याचे अन्न. उदाहरणातील घराला त्यासाठी सुमारे ३०,००० रुपये लागतील. बोनस किंवा फरकाची थकबाकी मिळाल्यास ती आधी या खात्यात जावी. पुढची पगारवाढ झाली की निदान वर्षभर तरी तिच्यातील निम्मी रक्कम खर्चात मिळवू नये.

उत्पन्न अनियमित असेल तर

शेतकरी, छोटे दुकानदार, रिक्षाचालक, शिकवण्या घेणारे किंवा कंत्राटी कामे करणारे यांना दरमहा ठराविक पगार नसतो. त्यांनी मागील वर्षातील सर्वांत कमी उत्पन्नाच्या महिन्याला आधार मानून नियमित खर्च बसवावा आणि चांगल्या महिन्यांतील अधिक रक्कम वेगळ्या खात्यात साठवून कमी पडणाऱ्या महिन्यांत स्वतःलाच ‘पगार’ द्यावा. शेतकरी कुटुंबात सोयाबीन, कापूस किंवा उसाचे पैसे एकरकमी येतात. त्यातून पुढील हंगामाचे बियाणे, खते आणि मजुरी यांची रक्कम प्रथम बाजूला काढावी. उरलेली रक्कम घराच्या बारा महिन्यांत वाटावी. शेतीचा पैसा आणि घराचा पैसा एकाच पिशवीत राहिला, की दोहोंचाही हिशेब लागत नाही.

घरातील संमती

अंदाजपत्रक मोडण्याचे एक कारण आकड्यांत नसते. ते एकाने लिहिलेले असते आणि इतरांनी पाळायचे असते. मिळवत्या व्यक्तीने मर्यादा ठरवायची आणि घर चालवणारीने ती पाळून दाखवायची, अशी वाटणी झाली तर वही म्हणजे जाब विचारण्याचे साधन बनते. मग खर्च लपवले जातात, किमती कमी सांगितल्या जातात आणि नोंदीच खोट्या पडतात. त्यामुळे रक्कम ठरवताना पती-पत्नी दोघांनी बसावे. घरात वडीलधारी मंडळी असतील तर त्यांची औषधे, तीर्थयात्रा, नातवंडांना द्यायचा खाऊ यांसाठी स्वतंत्र रक्कम असावी. दर वेळी हात पसरण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये. आठवी-नववीतील मुलांनाही विजेचे बिल आणि फीचे आकडे दाखवायला हरकत नाही. परिस्थिती ठाऊक असलेले मूल हट्ट कमी करते, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या हाती, ज्याचा हिशेब विचारला जाणार नाही अशी, लहानशी रक्कम असावी. ती दोनशे रुपये असो वा हजार. पै न पैचा जाब द्यावा लागणारे अंदाजपत्रक फार काळ टिकत नाही.

अंदाजपत्रक टिकवण्यासाठी

महिन्यातून एकदा, पगाराच्या आधीच्या रविवारी, अर्धा तास यासाठी राखावा. ठरवलेली रक्कम, झालेला खर्च आणि फरक असे तीन रकाने पुरेसे आहेत. वही, संगणकावरील तक्ता किंवा मोबाइलमधील अ‍ॅप यांपैकी काहीही चालेल. ज्या साधनात नोंद करण्याचा कंटाळा येत नाही ते चांगले. फरक पडलेल्या प्रत्येक खात्याबाबत एकच विचारावे : हा खर्च एकदाच झाला, की आपला आकडाच चुकीचा होता? एखादे खाते सलग तीन महिने ओलांडले गेले तर माणसांना दोष न देता आकडा बदलावा आणि ती वाढ कोणत्या खात्यातून काढायची हे त्याच बैठकीत ठरवावे. राज्य सरकार विधिमंडळात पुरवणी मागण्या मांडते, तेव्हा त्यांना मंजुरी घ्यावी लागते. घरातील पुरवणी मागण्यांनाही तोच नियम लावावा.

पहिल्या वर्षी अंदाज चुकणारच. वार्षिक खर्चाचे खाते मध्येच रिकामे होईल. विशेषतः जानेवारीत सुरुवात केली तर जूनपर्यंत फक्त पाच महिन्यांची रक्कम जमलेली असेल. यासाठी पहिल्या वर्षी जवळचा खर्च आधी धरून, म्हणजे फीची रक्कम उरलेल्या महिन्यांनी भागून, तरतूद करावी. एक पूर्ण वर्ष पार पडले, की खाते स्वतःच्या पायावर उभे राहते.

त्यानंतर जो बदल होतो तो बाहेरून दिसत नाही. उत्पन्न तेवढेच असते, महागाईही कमी झालेली नसते. मात्र जून उजाडतो, शाळेची फीची चिठ्ठी घरी येते आणि ती पाहून कोणाचा चेहरा उतरत नाही. कारण ते पैसे मागील बारा महिन्यांत, दर महिन्याला तीन हजार रुपये याप्रमाणे, आधीच बाजूला पडलेले असतात.